शुक्रवारी केक कापून माणसं कंपनीशी जोडली जातात का? निवडुंगाच्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी काय सांगते

"शुक्रवारी चार वाजता सगळ्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये जमायचं आहे. केक आहे, गेम्स आहेत. फोटो लिंक्डइनवर टाकायचे आहेत, त्यामुळे कंपनीचा टीशर्ट घालून या."

असा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर तुम्हीही वाचला असेल. एचआरच्या भाषेत याला 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात. केक खाऊन झाला, फोटो निघाले की सगळे परत आपापल्या जागेवर जातात. शेजारी बसणाऱ्याचं आडनाव माहीत असतं, पण त्याच्या घरी कोण कोण आहे, हे माहीत नसतं.

मग प्रश्न पडतो. कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांशी आणि कामाशी जोडली जातात ती नेमकी कशामुळे?

याचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन आहे. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, एंगेजमेंट हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी, तिथं हा प्रयोग झाला होता. तो कुठं जमला आणि कुठं कमी पडला, हे दोन्ही समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे सांगा, एंगेजमेंट म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर काम 'उरकणं' आणि काम 'आपलं मानणं' यातला फरक.

हा शब्द आज ज्या अर्थानं वापरतात, त्याचं मूळ अमेरिकन अभ्यासक विल्यम कान यांच्या १९९० सालच्या शोधनिबंधात सापडतं. त्यांनी दोन अगदी वेगळ्या जागा अभ्यासल्या. एक मुलांचं उन्हाळी शिबिर आणि दुसरी आर्किटेक्ट लोकांची फर्म. माणूस कामात मनापासून कधी उतरतो आणि कधी अंग काढून घेतो, हे त्यांना बघायचं होतं.

त्यांच्या हाती तीन गोष्टी लागल्या. पहिली, या कामाला काही अर्थ आहे असं वाटणं. दुसरी, इथं बोललो, चुकलो तरी आपली फजिती होणार नाही ही खात्री. आणि तिसरी, काम करण्यासाठी अंगात आणि मनात ताकद शिल्लक असणं. दुसरी गोष्ट पूर्णपणे आजूबाजूच्या माणसांवर अवलंबून असते. म्हणूनच कामाच्या ठिकाणचं नातं हा नुसता गप्पांचा विषय नाही.

पुढे गॅलप या संस्थेनं हे मोजायला १२ प्रश्नांची यादी बनवली. त्यातला एक प्रश्न कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का, असा आहे. त्यावर बरीच थट्टाही होते. पण बाकीचे प्रश्न पाहिले की मुद्दा कळतो. माझ्याकडून काय अपेक्षा आहे हे मला माहीत आहे का? माझं मत कुणी विचारात घेतं का? गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल कुणी चार शब्द बोललं का?

गॅलपच्या २०२५ च्या अहवालानुसार, २०२४ मध्ये जगभरात फक्त २१ टक्के कर्मचारी या अर्थानं कामाशी जोडलेले होते. त्याआधीच्या वर्षी हा आकडा २३ टक्के होता.

किर्लोस्करवाडीची सुरुवात कशी झाली?

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात दोष असल्यानं चित्रकार होणं जमलं नाही. यांत्रिक ड्रॉइंगमध्ये मात्र त्यांचा हात बसला आणि मुंबईच्याच व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले.

तिथं बढतीची पाळी त्यांची होती. ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. आजच्या भाषेत ही चांगला माणूस गमावल्याची 'एक्झिट इंटरव्ह्यू'वाली केस आहे. काम आवडत होतं, पण आपली किंमत इथं कामावरून ठरत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मग बेळगावात सायकलचं दुकान झालं, कडबा कापायचं यंत्र झालं, लोखंडी नांगर झाला. लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. कुठं जम बसतोय तोवर बेळगावची जागा नगरपालिकेच्या कामासाठी सोडावी लागली.

तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. माळावर निवडुंग होता, साप होते, पाणी नव्हतं. मार्च १९१० मध्ये तिथं कारखान्याची वसाहत उभी राहायला लागली. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

कारखान्याभोवती कामगारांचं गाव वसवण्याची कल्पना तेव्हा जगात नवी नव्हती. इंग्लंडमध्ये कॅडबरीचं बोर्नव्हिल होतं, लिव्हरचं पोर्ट सनलाइट होतं. आपल्याकडे जमशेदपूरची उभारणी त्याच सुमारास सुरू झाली होती. पण टाटांमागे मोठं भांडवल होतं. इथं कर्जाचे १०,००० रुपये होते आणि मोजकी माणसं होती. ती माणसं टिकली नसती, तर कारखानाही टिकला नसता.

मग माणसं टिकवली कशी?

यात तीन गोष्टी ठळक दिसतात.

एक : आधी भरवसा, मग परीक्षा. लक्ष्मणरावांच्या पहिल्या फळीतली माणसं बघा. कारखान्याची आखणी आणि आरोग्य सांभाळणारे शंभोराव जांभेकर होते, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे होते. अनंतराव फळणीकर यांचं शिक्षण अर्धवट राहिलेलं, पण यंत्रात डोकं चालायचं. त्यांना इंजिनिअरचं काम मिळालं.

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट पहारेकऱ्यांची आहे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. आडनावाच्या जागी थेट जात लिहिली जायची, असा तो काळ. शिवाय काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा लागू होता, तो १९५२ साली रद्द झाला. त्या काळात या दोघांच्या हाती वसाहतीची राखण दिली गेली आणि ते तिथले विश्वासू पहारेकरी ठरले.

आता हे आजच्या ऑफिसशी ताडून बघा. बॅग तपासणं, बाथरूमला किती वेळ लागला हे मोजणं, घरून काम करताना माउस हलतोय का ते बघणं. भरवसा नाही हे दिवसभर दाखवायचं आणि शुक्रवारी केक कापायचा, हे गणित जुळत नाही.

दोन : एकाच गावात भेदाला जागा नाही. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. पाणी, पंगत आणि वस्ती जातीप्रमाणे वेगळी असण्याच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. शिफ्टला खांद्याला खांदा लावून काम करायचं आणि जेवायच्या सुट्टीत वेगळं बसायचं, असं असेल तर नातं जुळणार कसं?

याच पट्ट्यात हा धागा पुढे शिक्षणात गेला. कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणाच्या कामात पूर्णवेळ उतरण्याआधी विक्रेते म्हणून फिरायचे. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर त्यांनी विकले. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची आणि एकत्र जेवायची. 'कमवा आणि शिका' ही त्यांचीच देण. सोबत राबणं आणि सोबत जेवणं यातून माणसं जोडली जातात, हे त्यांनी हजारो मुलांवर सिद्ध केलं.

तीन : बातमी सगळ्यांपर्यंत. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघायला लागलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव म्हणजे शंवाकि हे त्याचे संपादक. कारखान्याचं काम, माल आणि घडामोडी कारखान्याशी संबंधित लोकांना कळाव्यात म्हणून हे पत्र सुरू झालं होतं. आज आपण ज्याला कंपनीचं 'इंटर्नल न्यूजलेटर' म्हणतो, तेच.

फरक इतकाच की आजची बहुतेक न्यूजलेटर कुणी उघडतही नाही, आणि ही 'खबर' लोकांना इतकी आवडली की तिचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. पुढे त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. एका माळरानावरच्या नांगराच्या कारखान्यातून मराठीतली तीन गाजलेली मासिकं आली. आपल्या कारखान्यात काय चाललंय हे वाचण्याजोगं लिहिलं, तर लोक वाचतात.

म्हणजे तिथं सगळं आलबेल होतं?

नाही. आणि ही बाजू सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

पहिली अडचण अशी की वसाहतीत मालकच घरमालक असतो. नोकरी गेली की राहतं घरही जातं. मालक चांगला असेल तर गावाला बाप मिळतो, नसेल तर तक्रार करायला जागा राहत नाही. जगभरातल्या कंपनी-गावांवर हाच आक्षेप घेतला गेला आहे. मालकाच्या स्वभावावर उभं असलेलं नातं मालक बदलला की डळमळतं. म्हणून त्याला नियमांचा आणि कामगारांच्या स्वतःच्या संघटनेचा आधार लागतो.

दुसरी अडचण, कुंपणाच्या आत जुळलेलं नातं कुंपणाबाहेर पुरतंच असं नाही. १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांची आणि उद्योगांची जाळपोळ झाली. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण आजूबाजूच्या समाजातली दरी एकट्या कारखान्याला बुजवता येत नाही, हे त्या वर्षानं दाखवलं.

तिसरी गोष्ट ओगलेवाडीची. कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्याच मदतीनं १९१६ साली ओगले ग्लास वर्क्स उभा राहिला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता. त्याही कारखान्याच्या नावानं गाव वसलं. पुढे वीज आली, कंदिलाची गरज संपत गेली आणि कारखाना बंद झाला. गावाचं नाव मात्र आजही ओगलेवाडीच आहे. माणसं जोडलेली असली म्हणून धंदा बुडत नाही, असं नाही. एंगेजमेंट हा धंद्याला पर्याय नाही.

आज साताऱ्या-सांगलीत हा प्रश्न कुठं येतो?

आता चित्र बदललंय. शिरवळ, खंडाळा, लोणंद, सातारा, तासवडे, पलूस, कुपवड, मिरज अशा एमआयडीसी आहेत. एकाच मशीनवर तीन प्रकारची माणसं असतात. एक कायम, एक कंत्राटी आणि एक ट्रेनी. काम एकच, पण ओळखपत्र वेगळं, पगार वेगळा, कधीकधी बसही वेगळी. अशा वेळी 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य कंत्राटी मुलाला कसं ऐकू येत असेल, याचा विचार करा. ११ महिन्यांनी ज्याला ब्रेक मिळणार आहे, त्याला ते कुटुंब कुणाचं आहे हे पक्कं ठाऊक असतं.

साखर कारखान्यात हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. हंगाम संपला की हंगामी कामगार घरी बसतो. पण बिगरहंगामातही त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो. काम नसतानाही 'तू आमचा आहेस, पुढच्या गळिताला ये' असं सांगणारी ही व्यवस्था. आता त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या ऊसतोड मजुराकडे बघा. बीडकडून आलेलं नवरा-बायकोचं जोडपं, हिशेबात 'एक कोयता'. त्यांचा व्यवहार मुकादमाशी, घेतलेल्या उचलीवर. फडात त्यांच्याशिवाय पान हलत नाही, पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं.

म्हणून एखाद्या ठिकाणी माणसं किती जोडलेली आहेत हे बघायचं असेल, तर आत कोण आहे याआधी बाहेर कोण राहिलंय, हे बघावं.

आपल्याकडे आधीपासून असलेल्या कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात?

गंमत म्हणजे खूप आहेत, फक्त त्यांना कुणी एंगेजमेंट म्हणत नाही.

कामगारांची पतसंस्था घ्या. मुलीचं लग्न निघालं, घराची स्लॅब टाकायची आहे, की कर्जाला सहकारी जामीन राहतो. दुसऱ्याच्या कर्जावर स्वतःची सही करणं, यापेक्षा मोठा भरवसा कुठल्या गेममधून तयार होणार?

खंडेनवमीला अनेक वर्कशॉपमध्ये मशीन धुऊनपुसून झेंडूची माळ घालतात, पूजा होते. काही ठिकाणी घरच्यांनाही बोलावतात. आई किंवा बाप दिवसभर जिथं राबतो ती जागा मुलं त्या दिवशी बघतात. गावची यात्रा, घरातलं लग्न आणि मयत, या तीन प्रसंगी सुट्टी देताना साहेब कसा वागला, हे माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

आणि डबा. दुपारी चार डबे उघडले की भाजीची देवाणघेवाण आपोआप होते. यासाठी जागा असणं ही मेहरबानी नाही, तो कायदा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात १५० पेक्षा जास्त कामगार असतील तर जेवणाची खोली आणि २५० पेक्षा जास्त असतील तर कॅन्टीन, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात कॅन्टीनसाठीची मर्यादा कंत्राटी कामगार धरून १०० वर आणली आहे. 'कंत्राटी धरून' हे दोन शब्द इथं महत्त्वाचे आहेत.

तक्रार ऐकण्यासाठी कायद्यात काय आहे?

औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगार या दोन्ही बाजूंचे सदस्य समान संख्येनं असतात, एकूण सदस्य जास्तीत जास्त १०. तक्रारीचं काम ३० दिवसांत पूर्ण करायचं असतं. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही बंधनकारक आहे.

विल्यम कान ज्याला सुरक्षित वाटणं म्हणतात, त्याचा कागदावरचा भाग हा आहे. तुमच्या ऑफिसमध्ये या समितीवर कोण आहे, त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? नसतील, तर केकच्या आधी ती नावं भिंतीवर लागायला हवीत.

मग छोट्या कंपनीनं उद्यापासून करायचं काय?

फार खर्च येत नाही, असे काही मार्ग :

• नव्या माणसाला पहिले दोन आठवडे एक जुना सोबती द्या. जेवायला कुणासोबत बसायचं, कुणाला काय विचारायचं, हे तो सांगेल. नोकरी सोडायचा विचार बऱ्याचदा पहिल्याच महिन्यात डोक्यात येतो.

• शिफ्ट सुरू होताना १० मिनिटं उभ्या उभ्या बोला. कालची अडचण, आजचं काम आणि एक प्रश्न कामगारांकडून. तोही मराठीत. पीपीटी नको.

• ऑर्डर कमी झाली, पगार उशिरा होणार, प्लँट हलणार, या गोष्टी आधी आपल्या माणसांना सांगा. त्या चहाच्या टपरीवर कळल्या की भरवसा तुटतो.

• कंत्राटी माणसाला नावानं हाक मारा. 'कॉन्ट्रॅक्टवाला' हे कुणाचं नाव नसतं. बस, कॅन्टीन, दिवाळीची मिठाई यात भेद ठेवू नका.

• रात्रपाळी आणि महिला विसरू नका. सगळे कार्यक्रम जनरल शिफ्टच्या वेळेत ठेवले, तर रात्रपाळीवाला कायम बाहेर राहतो. संध्याकाळी सहानंतर ठेवले, तर घर गाठायची घाई असलेल्या बाईला येता येत नाही.

• सुपरवायझर घडवा. गॅलपच्या मते टीम-टीममधल्या एंगेजमेंटच्या फरकाचा ७० टक्के भाग थेट मॅनेजरशी जोडलेला असतो. चांगला फिटर आपोआप चांगला सुपरवायझर होत नाही. माणसांशी बोलायचं कसं, हेही शिकवावं लागतं.

आणि या सगळ्याच्या आधी पगार वेळेवर आणि रास्त हवा. ओव्हरटाइमचे पैसे थकवून 'टीम स्पिरिट'वर भाषण दिलं, तर लोक टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी नोकरीच्या साइटवर बायोडेटा अपडेट करतात.

आणि कर्मचाऱ्यानं?

सगळं मालकानंच करावं, असंही नाही. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला दोन दिवस बरं नव्हतं, तर आल्यावर विचारणं आपल्या हातात आहे. नवीन मुलगा एकटा जेवत असेल तर त्याला आपल्या टेबलावर बोलावणं आपल्या हातात आहे. पतसंस्थेच्या सभेला जाणं, समितीच्या निवडणुकीत उभं राहणं, हेही आहेच.

शिवाय कंपनीशी नातं आणि सहकाऱ्यांशी नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी उद्या विकली जाईल, प्लँट दुसऱ्या राज्यात जाईल. ज्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात, तो माणूस मात्र तुमच्या मुलाच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा असेल.

किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात आणि स्टेशनवर गाड्या थांबतात. माळावर पहिल्या दिवसांत राहिलेल्या माणसांकडे ना टीशर्ट होते, ना फोटोबूथ. राखण कुणाच्या हाती द्यायची, एका पाणवठ्यावर कुणी यायचं आणि बातमी कुणाला सांगायची, हे प्रश्न मात्र त्यांनी सुरुवातीलाच सोडवले होते. तुमच्या ऑफिसमध्ये या तीन प्रश्नांची उत्तरं काय आहेत?